गाडी नेमकी कुठे हरते? टाइमस्लिपवरून ड्रॅग कारचा दोष शोधणे आणि वेळ उतरवणे

प्रश्न थोडक्यात असा. सरळ पाव मैलाच्या शर्यतीची, म्हणजे ड्रॅगची, चालकासकट ३२०० पौंडांची गाडी, कार्ब्युरेटरवरचे व्ही-८ इंजिन, डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) ४०० अश्वशक्ती. टॉर्कचा कळस ४२०० आरपीएमला, शक्तीचा ५९०० ला. तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलला ४.१० चा गिअर रेशो, लीफ स्प्रिंगचे पाटे, २८ इंची बायस-प्लाय स्लिक (तिरप्या धाग्यांचे, नक्षी नसलेले गुळगुळीत टायर) आणि त्यांत १८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा. पाव मैलाला १२.२५ सेकंद लागतात आणि शेवटी वेग ११३.५ मैल मिळतो. कॅमशाफ्ट बदलावा की मोठा कार्ब्युरेटर घालावा?

आत्ता दोन्ही नको. तुमच्या टाइमस्लिपवर, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवर, दोष स्पष्ट छापून आलेला आहे आणि तो कॅमशाफ्टचा नाही. आधी इंजिन उघडले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल.

तुमचे आकडे: ६० फूट १.८४, ३३० फूट ५.१७, ६६० फूट ७.९२ आणि तिथे वेग ९२.० मैल, १३२० फूट १२.२५ आणि वेग ११३.५. स्ट्रिपवरचा सगळा हिशेब फूट, पौंड आणि मैलांतच चालतो, म्हणून तो तसाच ठेवतो. रिअ‍ॅक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ) तूर्त बाजूला ठेवा. तो ईटीत, म्हणजे धावेला लागलेल्या वेळेत, धरला जात नाही. घड्याळ चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या स्टेजच्या किरणातून बाहेर पडल्यावरच सुरू होते.

आता ढोबळ पण भरवशाचे गणित. वजनाला शक्तीने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा, की ईटी येते. शक्तीला वजनाने भागून घनमूळ काढा, २३४ ने गुणा, की शेवटचा वेग येतो. ३२०० भागिले ४०० म्हणजे ८, त्याचे घनमूळ २. म्हणून ही गाडी ११.६५ सेकंदांत, ११७ मैलांनी जायला हवी. हेच गणित उलटे फिरवा: ११३.५ मैल वेग म्हणजे रस्त्यापर्यंत पोचणारी शक्ती ३६५ च्या आसपास. ३६५ अश्वशक्तीची गाडी नीट सुटली तर १२.०१ करते. तुमची १२.२५ करते.

म्हणजे ०.६० सेकंदांच्या तोट्याचे दोन वेगळे हिस्से आहेत. ०.३६ सेकंद शक्ती वाटेत हरवल्यामुळे आणि ०.२४ सेकंद गाडी नीट न सुटल्यामुळे. वेग इंजिनाची गोष्ट सांगतो, ईटी सुटण्याची. हे दोन एकत्र मिसळले की माणूस कार्ब्युरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी भोके) बदलून टायरचा दोष शोधत बसतो.

सुटण्याचा दोष आधी घ्या, कारण त्याला जवळजवळ खर्च नाही. ६० फुटांत गमावलेला वेळ शेवटी दीडपट ते दुप्पट होऊन दिसतो. १.८४ चे १.६९ झाले तर ०.२४ चा हिस्सा बहुतेक सगळा वसूल होतो.

पहिला संशयित १८ पीएसआय. २८ बाय १०.५ च्या बायस-प्लाय स्लिकला, या वजनाच्या गाडीत, ती हवा जास्त आहे. टायरचा मधला भाग फुगतो, कडा जमिनीला टेकत नाहीत. सुटल्यानंतर मागे राहिलेले काळे पट्टे पाहा: मध्ये गडद आणि कडांना फिके असतील तर हवा जास्त, कडा गडद आणि मध्ये फिके असतील तर कमी. १४ पीएसआयपासून सुरुवात करा आणि दर धावेला अर्धा पीएसआय उतरवा. ६० फुटांची वेळ सुधारायची थांबली, किंवा शेवटच्या टप्प्यात मागचा भाग डोलू लागला, की अर्धा पीएसआय परत चढवा. साधारण ११ ते १३ च्या दरम्यान जागा सापडते. त्यासाठी ० ते ३० पीएसआयचा गेज घ्या; पेट्रोल पंपावरच्या गेजला अर्धा पीएसआय दिसतच नाही. हवा नेहमी एकाच वेळी मोजा, बर्नआउटच्या (सुटण्याआधी टायर जागीच फिरवून तापवण्याच्या) आधी, टायर थंड असताना. एक टायर उन्हात आणि दुसरा सावलीत उभा असेल तर दोघांची हवा सारखी दाखवणारा गेजही तुम्हाला फसवतो. १२ च्या खाली जायचे असेल तर रिमवर टायर फिरू नये म्हणून बीडला (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला) स्क्रू लागतात. पुढच्या टायरांत मात्र बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा भरपूर ठेवा. लोळण्याचा विरोध तेवढाच कमी.

वरचे आकडे बायस-प्लायचे आहेत. ड्रॅग रेडियल वेगळ्या स्वभावाचा असतो: हवा जास्त मागतो, बहुधा १५ ते २०, आणि एकदा घसरला की पुन्हा पकड घेत नाही. बायस-प्लाय किंचित घसरूनही चालतो, उलट थोडी घसर त्याला आवडते. कुणाचा सल्ला ऐकण्याआधी तो कोणत्या टायरबद्दल बोलतोय ते विचारा.

बर्नआउट पाण्यात उभे राहून करू नका. टायर ओले करून पाण्याच्या पुढे या, मग फिरवा. पाण्यातच फिरवले तर चाकाच्या कमानीतून पाणी उडून स्टेजिंगपर्यंत टायरवर ठिबकत राहते. हलका धूर दिसला आणि इंजिनाचा आवाज किंचित जड झाला की थांबा. दर वेळी तेवढेच सेकंद, त्याच गिअरमध्ये. लांबलचक बर्नआउटने प्रेक्षक खूश होतात, ६० फूट सुधारत नाही.

हवा जुळल्यावरही ६० फूट १.७५ च्या खाली येत नसेल तर सस्पेन्शन. फोन बाजूला जमिनीलगत ठेवून मंदगतीत चित्रण करा आणि चाक नेमके केव्हा घसरते ते पाहा. हा एक व्हिडिओ दहा तर्कांपेक्षा उपयोगी. पहिल्या झटक्यालाच घसरत असेल तर टायरवर पुरेसे वजन येत नाही: पुढचा भाग पटकन उचलला जात नाही, किंवा सुटताना आरपीएम जास्त आहेत. पहिले दहा-पंधरा फूट धरून मग पकड सुटत असेल, तर पुढचा भाग वर जाऊन थडकतोय आणि परत खाली येताना मागचे वजन काढून घेतोय. मग पुढच्या शॉकचा ताणाचा स्क्रू एक क्लिक घट्ट करा, किंवा मागच्या शॉकचा ताण घट्ट करून मागचा भाग हळू वर येऊ द्या. एका वेळी एकच टोक.

लीफ स्प्रिंगच्या गाडीत आणखी एक खोड असते. एक्सल स्वतःभोवती फिरून पिनियन (ड्राइव्ह शाफ्टला जोडलेला त्यातला छोटा गिअर) वर उचलू पाहतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि मग सुटून परत येतो. चाक उड्या मारते, खालून धाड-धाड असा आवाज येतो. तो आवाज ऐकू आला तर तीच धाव सोडून द्या, पाय काढा. ड्राइव्ह शाफ्ट आणि पिनियन याच उड्यांनी तुटतात. उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार, पाट्याला असे वळू न देणारा दांडा. त्याचा रबरी ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली यायला हवा. अलीकडे टेकला तर पाटाच वाकतो. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा पीळ एक्सलचे उजवे टोक उचलू पाहतो आणि उजवे मागचे चाक हलके होते. म्हणून ठोकळ्याची फट उजवीकडे डावीपेक्षा कमी ठेवतात, किंवा उजव्या बाजूला एअरबॅग घालून चार-पाच पीएसआय जास्त हवा देतात. जमिनीवरचे दोन्ही पट्टे सारख्याच लांबीचे आणि गडद दिसले की बस. गाडी सुटताना उजवीकडे ओढली जात असेल तर उजवीकडचा आधार वाढवा, डावीकडे ओढत असेल तर कमी करा.

पिनियनचा कोन ड्राइव्ह शाफ्टच्या तुलनेत नाक खाली असा असतो: साध्या पाट्यांना ५ ते ७ अंश, ट्रॅक्शन बारनंतर त्याहून कमी, कारण एक्सल तितका वर फिरत नाही. कोन गाडी स्वतःच्या चाकांवर, चालकाचे वजन आत असताना मोजा. जॅकवर उचललेल्या गाडीचा कोन कशाचाच नसतो.

सुटण्याचे आरपीएम शोधायचे तर दोन्ही दिशांनी शोधा. सगळे वाढवून पाहतात, कमी करून फारसे कोणी पाहत नाही. फूटब्रेकवर (पायाने ब्रेक दाबून धरून) २५०० ने सुटत असाल तर एकदा २००० ने सुटून पाहा. टायर न घसरता गाडी गेली तर कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग) स्वतःच इंजिनाला वर नेतो. आणि स्टेजिंग उथळ ठेवा. प्री-स्टेज आणि स्टेज या दोन किरणांत ७ इंचांचे अंतर असते. दुसरा दिवा लागताक्षणी थांबलात तर घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला काही इंच फुकट मिळतात. इंच-दोन इंच पुढे सरकून थांबलात तर काही शतांश सेकंद ईटीत वाढतात आणि तुम्ही ते शॉकच्या खात्यावर मांडता.

आता हरवलेले ३५ अश्व.

६६० फुटांवरच्या वेगाला १.२५ ने गुणले की पाव मैलाच्या वेगाचा अंदाज येतो. ९२ गुणिले १.२५ म्हणजे ११५. तुम्हाला मिळाले ११३.५. गाडी दुसऱ्या अर्ध्यात दम सोडतेय. शक्ती सुरुवातीपासून थोडी कमी आहेच, पण शेवटी आणखी कमी होतेय, आणि अशा वेळी इंधनावर पहिला संशय घ्यायचा.

त्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी. इंजिन बंद, एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर बूट घातलेल्या पायाने पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने कार्ब्युरेटरमध्ये वरून पाहायचे. चारही झडपा उभ्या सरळ उघडतात का? पायाखालची चटई, ताणलेली केबल, वाकलेला ब्रॅकेट यांमुळे नव्वद टक्केच उघडणाऱ्या झडपा फार आढळतात, आणि त्यावर लोक मोठा कार्ब्युरेटर विकत घेतात. मग गाडी जॅकवर घेऊन चारही चाके हाताने फिरवा. ब्रेक अडकत असेल तर तोही तुमचे अश्व खातोय. पुढचा टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) दीड ते तीन मिलिमीटरच्या आत ठेवा.

इंधनाचे गणित असे. पेट्रोलवरच्या साध्या इंजिनाला ताशी दर अश्वशक्तीमागे सुमारे अर्धा पौंड इंधन लागते. ४०० अश्वशक्तीला २०० पौंड, म्हणजे ताशी सुमारे १२५ लिटर, मिनिटाला २ लिटरच्या वर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या नळीतला असतो. दाबाखाली तो बराच घसरतो. शिवाय गाडी १ जीच्या (गुरुत्वाकर्षणाइतक्या) वेगवाढीने सुटते तेव्हा टाकीपासून पुढे जाणारे इंधन मागे ढकलले जाते: दर फुटाला सुमारे ०.३२ पीएसआय. दहा फुटांच्या पाइपात ३ पीएसआय तिथेच गेले. कार्ब्युरेटरला ६.५ हवे आणि पंपच ७ देतोय, तर सुटताना कार्ब्युरेटरचा इंधनाचा वाडगा रिकामाच होणार. म्हणून पंप मागे टाकीजवळ, दाब जास्त आणि रेग्युलेटर पुढे कार्ब्युरेटरजवळ अशी मांडणी.

गेज बॉनेटखाली असेल तर उपयोग नाही. काचेबाहेर, चालकाला दिसेल असा लावा किंवा सेन्सर लावून नोंद घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये, १००० फुटांनंतर दाब ५ च्या खाली जात असेल तर दोष सापडला. मग क्रमाने पाहा: टाकीचा वायुमार्ग बंद आहे का (झाकण सैल करून एक धाव पुरे), टाकीतली जाळी, फिल्टर, ८ मिलिमीटरचा पाइप असेल तर तो ९.५ चा करणे आणि शेवटी पंपाची वायर. वायर शेवटी लिहिली, पण पुष्कळदा तिथेच दोष निघतो. मल्टिमीटर बॅटरीवर नको, पंपाच्या टर्मिनलवर लावा. बॅटरीवर १३.५ आणि पंपावर ११.५ व्होल्ट दिसले तर बारीक वायर आणि गंजलेला अर्थ पंपाचा जीव घेत आहेत. जाड वायर, रिले आणि चॅसिसला स्वच्छ घासून केलेला अर्थ.

दाब स्थिर झाल्यावरच जेट. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर) पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण १२.५ ते १३.० च्या दरम्यान हवे. जेट दोन क्रमांकांच्या पायरीने बदला आणि निकाल ईटीवर नव्हे, शेवटच्या वेगावर ठरवा. ईटीत टायरचा आणि तुमच्या पायाचा हात असतो. वेगात तो फारच कमी. दाब पडत असतानाच जेट मोठे केले तर सुरुवातीला मिश्रण जड (इंधन जास्त) आणि शेवटी हलके (इंधन कमी), अशी दोन्हीकडून मार खाणारी गाडी तयार होते. सुटताना क्षणभर गुदमरत असेल तर तो मुख्य जेटचा विषय नाही. कार्ब्युरेटरमधून खोकल्यासारखा फटका येत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचे इंधन कमी पडतेय. काळा धूर येत असेल तर जास्त होतेय. मागच्या वाडग्यातले इंधन सुटताना मागे सरकून जेट उघडे पडत असतील तर जेट-एक्स्टेन्शन लावा.

ठिणगीचे टायमिंग ३४ अंशांवर असेल तर ३२ आणि ३६ दोन्ही करून पाहा, पुन्हा वेगावरच निवाडा. टायमिंग लाइट आयडलवर नाही, अ‍ॅडव्हान्स पूर्ण येतो त्या आरपीएमला लावा. वेग सारखाच राहिला तर कमी अंश निवडा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीसारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर डेटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) आहे. लगेच चार अंश मागे या, आणखी एक धाव करून खात्री करू नका. प्लगची फट साध्या इंजिनाला ०.९ ते १.१ मिलिमीटर. ५८०० च्या वर आवाज फाटत असेल आणि इंधन ठीक असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा दाब मोजा. एकदा लीकडाउनही (सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची चाचणी) घ्या: १० टक्क्यांच्या आत निश्चिंत, २० च्या वर इंजिन उघडावे लागणार. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसते, कार्ब्युरेटरमधून की तेलाच्या भोकातून, यावरून व्हॉल्व्ह की रिंग ते कळते.

राहिला कन्व्हर्टर, आणि माझ्या मते हरवलेल्या शक्तीचा मोठा वाटा इथे आहे. वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत: घसर नसती तर दिसले असते ते आरपीएम. ११३.५ गुणिले ४.१० गुणिले १२ म्हणजे ५५८४ आरपीएम. तुमचा टॅकोमीटर शेवटी ६१५० दाखवतो. फरक ५६६, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त घसर. बायस-प्लाय स्लिक वेगात वाढतो, त्यामुळे खरी घसर याहूनही जास्त. ५-६ टक्के चालून जाते. ९ टक्के म्हणजे तेल तापवण्यात शक्ती जातेय. चार टक्के वाचले तर १५ अश्व परत येतात, इंजिनाला हात न लावता.

पण घसर कन्व्हर्टरचीच आहे ना, तेवढे ठरवा. गिअर बदलताना आरपीएम भर्रकन वर जाऊन मग खाली येत असतील, तेल तपकिरी आणि जळका वास असलेले असेल, तर गिअरबॉक्सचे क्लच घसरताहेत. सुटतानाच तसे होत असेल तर तेलाची पातळी पाहा. ते पॅनच्या मागच्या बाजूला जाऊन पंप हवा ओढत असेल. ड्राइव्ह शाफ्टला सेन्सर लावला तर शंकाच राहत नाही. कन्व्हर्टरची घसर वेग वाढेल तशी सावकाश कमी होत जाते, क्लचची अचानक सुरू होते.

कन्व्हर्टर बनवणाऱ्याकडे पाठवताना वजन, रेशो, टायर, डायनोचा आलेख, सुटतानाचे कमाल आरपीएम आणि शेवटची घसर हे सगळे लिहून द्या. फ्लॅश स्टॉल (पूर्ण थ्रॉटलला सुटताना कन्व्हर्टर इंजिनाला ज्या आरपीएमपर्यंत वर जाऊ देतो ते) टॉर्कच्या कळसाच्या आसपास किंवा थोडा वर हवा, तुमच्या इंजिनाला ४२०० ते ४५००. पण इंधन आणि थ्रॉटल दुरुस्त होण्याआधी पाठवू नका. स्टॉल इंजिनाच्या टॉर्कवर ठरतो. दुबळ्या इंजिनाला जुळवलेला कन्व्हर्टर सुधारलेल्या इंजिनाला पुन्हा सैल पडेल. घसर ५ टक्क्यांवर आली आणि वेग ११७ झाला तर शेवटी ६०५० च्या आसपास आरपीएम राहतील, शक्तीच्या कळसाच्या किंचित वर. म्हणून ४.१० चा रेशो बदलायचे कारण नाही.

गिअर बदलण्याची जागा: ६३०० ला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात की २.५२ आणि १.५२ च्या रेशोत आरपीएम ३८०० पर्यंत पडू पाहतात, कन्व्हर्टर ते वर धरतो. ६१०० आणि ६५०० करून पाहा; कळसापुढे खेचत राहण्यापेक्षा लवकर बदललेला गिअर बरेचदा जिंकतो.

हे सगळे करताना धावेगणिक एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधी काही न बदलता केलेल्या निदान दोन धावा हव्यात. त्या दोन धावांतच ०.०५ चा फरक असेल तर ०.०३ ची सुधारणा म्हणजे निव्वळ योगायोग. वहीत तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता लिहा. डेन्सिटी अल्टिट्यूड (या तिन्हींमुळे हवा किती उंचीवरच्या इतकी विरळ झाली तो आकडा) १००० फुटांनी वाढली की साध्या इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्के घटते आणि या गाडीची ईटी साधारण ०.१ ने वाढते, सकाळी ११.९० करणारी गाडी दुपारी १२.०० करते आणि मधल्या वेळात बदललेल्या जेटवर उगाच खापर फुटते. पाण्याचे तापमानही स्टेजिंगला दर वेळी सारखेच ठेवा, मग ते ७० अंश असो की ८०. वजनाचा हिशेब सोपा आहे: १०० पौंड काढले तर ०.१२ सेकंद. मागची सीट, स्पेअर चाक आणि टाकीतले अर्धे पेट्रोल मिळून तेवढे होतात.

क्रम म्हणाल तर पहिल्या दिवशी फक्त टायरची हवा, बर्नआउट, सुटण्याचे आरपीएम आणि थ्रॉटलची तपासणी. पुढच्या वेळी इंधनाच्या दाबाची नोंद आणि पंपाची वायर. जेट आणि टायमिंग त्यानंतर. कन्व्हर्टर सर्वांत शेवटी.

आणखी एक. ११.६५ आले आणि एखाद्या थंड संध्याकाळी हवा चांगली मिळाली, तर ही गाडी ११.५० च्या खाली घसरेल. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत ११.४९ आणि त्याहून जलद गाडीला रोल बार सक्तीचा आहे, ९.९९ पासून पूर्ण रोल केज. स्लिक लावलेल्या गाडीला ड्राइव्ह शाफ्टचा लूप (शाफ्ट तुटला तर त्याला खाली पडू न देणारे कडे) तर १३.९९ पासूनच लागतो, म्हणजे तो तुमच्या गाडीत आजच असायला हवा.